इंजिनाची कागदाएवढी फट



विहिरीवरचे डिझेल इंजिन चालू असताना त्याच्या डोक्यातून बारीक टिकटिक ऐकू येते. पुष्कळांना वाटते, काहीतरी ढिले झाले. आम्हालाही तसेच वाटले होते. त्यापायी काय झाले ते आधी सांगतो, मग काम सांगतो.

आमचा गहू चिकात आला होता. पाणी तर हवेच होते. इंजिनाची टिकटिक ऐकून आम्ही वरचे झाकण काढले, पाना लावला आणि आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळला. इंजिन गप्प झाले. आम्ही खूष! चार दिवसांनी ते सुरू व्हायला कुरकुर करू लागले. धुराच्या नळीतून फटफट आवाज येऊ लागला. पाचव्या दिवशी ते बंदच पडले. तालुक्याच्या मिस्त्रींनी हेड उघडले. धुराच्या व्हॉल्व्हची कड जळून गेली होती. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, इंजिनाचं पुस्तक वाचलं नव्हतं का?" पुस्तक घरात ट्रंकेत होते. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, पण ते पान काही आम्ही उघडले नव्हते. दुरुस्तीत आठ दिवस गेले. गव्हाचा दाणा चिंबला. वीस पोत्यांच्या जागी तेरा पोती झाली.

फट कशासाठी?

इंजिनाला दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. तराजूच्या दांडीसारखा हलणारा रॉकर त्यांना दाबून उघडतो. स्प्रिंग त्यांना परत मिटवते. इंजिन मिनिटाला 1500 फेरे फिरत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 750 वेळा उघडतो. म्हणजे तासाला 45,000 वेळा!

आता गाडीच्या चाकाला धाव चढवतात ते आठवा. लोहार धाव तापवतो. तापली की ती फुगते आणि चाकावर बसते. व्हॉल्व्हही तसाच तापतो आणि लांब होतो. म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात जाड कागदाएवढी फट ठेवतात. फट नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. फटीतून आग निसटते आणि कड जळते. फट जास्त झाली तर व्हॉल्व्ह कमी उघडतो, ठोके वाढतात आणि जोर घटतो. म्हणून बारीक टिकटिक हा दोष नव्हे. आवाज एकाएकी वाढला, तर फट तपासावी.

काम कसे करावे?

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. सकाळची वेळ चांगली. डिझेल बंद करावे.

2. इंजिनाच्या पुस्तकात किंवा पाटीवर फटीचा आकडा पाहावा. तो मिलिमीटरमध्ये असतो, जसे 0.20. हवेच्या आणि धुराच्या व्हॉल्व्हचे आकडे वेगळे असू शकतात. दुसऱ्याच्या इंजिनाचा आकडा आपल्याला चालत नाही.

3. झाकण काढावे. मोठे चाक हाताने, नेहमीच्या दिशेने फिरवावे. हवेचा व्हॉल्व्ह खाली जाऊन वर आला, की चाक आणखी सुमारे अर्धा फेरा फिरवून खुणेवर आणावे. खूण म्हणजे रेघ, किंवा टी. डी. सी. ही इंग्रजी अक्षरे. या जागी दोन्ही रॉकर किंचित ढिले लागतात. चाक थोडे मागेपुढे हलवताच रॉकर हलू लागले, तर जागा चुकली. आणखी एक पूर्ण फेरा द्यावा.

4. चाक हलके फिरावे म्हणून दाब सोडण्याचा दांडा ओढला असेल, तर तो आता परत जागी करावा. नाहीतर माप खोटे येईल.

5. आकड्याएवढी फिलर गेजची पट्टी फटीत घालावी. ती किंचित अडत सरकली पाहिजे. तशी सरकत नसेल तर लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवावा. माप बरोबर आले, की स्क्रू धरून ठेवून नट आवळावा. नट आवळताना माप हलतं बरं का! म्हणून पट्टी पुन्हा घालून पाहावी.

6. हाताने दोन फेरे देऊन दोन्ही फटी परत तपासाव्या. मग झाकण लावावे.

जिथे फट ठेवायची नाही

सगळ्या इंजिनांना हा नियम लागू नाही. काही मोटारींत, आणि आपल्या गावात धावणाऱ्या काही बुलेट गाड्यांतही, तेलाचे टापेट असतात. त्यांना हायड्रॉलिक म्हणतात. त्या टापेटाच्या पोटात लहान दट्ट्या असतो. इंजिनाचे तेल आत शिरून दट्ट्याला उचलते आणि फट आपोआप भरून काढते. तिथे पट्टी घालून फट ठेवायची नसते. अशा बुलेटला तर फिरवायचा स्क्रूच नसतो. अमेरिकेतील काही जुन्या मोटारींत नट असतो. पण तिथे फट संपल्यावर, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, तो आणखी अर्धा-पाऊण फेरा आवळतात. आम्ही आमच्या इंजिनावर जे केले ते चूक ठरले. त्या मोटारीला मात्र तेच हवे असते.

अशी गाडी पुष्कळ दिवस उभी असली, तर सुरू करताना थोडा वेळ टिकटिक करते. तेल वर चढले की थांबते. थांबली नाही, तर आधी तेलाची पातळी पाहावी. पाना नंतर.

म्हणून पाना हातात घेण्याआधी विचारावे, आपले इंजिन कोणत्या जातीचे? उत्तर पुस्तकात आहे. आता तुम्हाला वाचता येते. सगळे पुस्तक वाचायला नको. फटीचे पान शोधा, बोट ठेवून सावकाश वाचा आणि तो आकडा इंजिनघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. आमच्या भिंतीवर तो आता लिहिलेला आहे.

प्रश्न

1. फट थंड इंजिनावरच का मोजावी?
2. नट आवळल्यावर पुन्हा का मोजावे?
3. तुमच्या इंजिनाच्या दोन्ही फटींचे आकडे वहीत लिहा.