‘फक्त सही’ मागायला आलेला भाऊ

माझी सगळी नोकरी एका पतसंस्थेच्या वसुली खात्यात गेली. रविवारी ज्याच्या शेजारी बसून गीत म्हटलं, त्यालाच सोमवारी सहकार कायद्याच्या कलम १०१ची नोटीस बजावायची, अशी पाळी माझ्यावर आलेली आहे. त्यांतल्या कित्येकांनी स्वतः एक रुपयाही कर्ज काढलेलं नव्हतं. ते जामीनदार होते.

ही सही होते कुठे, तर बऱ्याचदा मंडळीच्या आवारातच. उपासना सुटलेली असते, चहा चालू असतो. पिशवीतून फॉर्म निघतो. सहीच्या जागी पेन्सिलीने आधीच फुली मारून ठेवलेली असते आणि रकमेचा रकाना कोरा. “काका, नुसती फॉर्मॅलिटी आहे. प्रभूच्या कृपेने हप्ते मीच भरणार.” आता प्रभूचं नाव निघाल्यावर नाही कसं म्हणायचं? पाळकसाहेब शेजारी उभे असले तर मग विचारूच नका.

एक निवृत्त शिक्षक असेच एका तरुणाच्या टेम्पोला जामीन राहिले. पोराने टेम्पो परस्पर विकला आणि गाव सोडलं. नोटीस घेऊन त्यांच्या पत्नी एकट्याच आमच्या काउंटरवर आल्या. कर्ज किती, व्याज किती, काही विचारलं नाही. म्हणाल्या, “भाऊ, यांनी सही केली हे मला का नाही सांगितलं?” मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव त्या कर्जात गेली.

कर्ज थकवणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मुळीच नाही. आजारपण येतं, धंद्यात खोट बसते. पण जामीनदाराला त्याने काही फरक पडत नाही. १८७२च्या करार कायद्याचं १२८वं कलम सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडे वसुली करून मगच जामीनदाराकडे यावं, असं बंधन संस्थेवर नसतं. ज्याचा पगार चालू आहे, ज्याचं घर नावावर आहे, त्याच्याकडे आम्ही आधी जायचो.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात जामीन राहण्याविरुद्ध एकदा नव्हे, सहाव्या, अकराव्या, सतराव्या आणि बाविसाव्या अशा चार अध्यायांत इशारा आहे. सतराव्यात तर अशा माणसाला सरळ बुद्धिहीन म्हटलंय, आणि बाविसाव्यात अंगाखालचं अंथरूण जाईल इथवर सांगितलंय. दशमांशावरचे उपदेश मला तोंडपाठ आहेत. या अध्यायांवरचा एकही आठवत नाही.

“मग ख्रिस्ती प्रीतीचं काय?” हा प्रश्न हमखास येतो. दहा कुमारींचा दृष्टांत पाहा. मूर्ख कुमारींनी तेल मागितलं आणि शहाण्यांनी दिलं नाही. दृष्टांताचा रोख प्रभूच्या येण्यासाठी तयार असण्यावर आहे, हे मान्य. तरी नकार दिला म्हणून येशूने त्यांचं शहाणपण काढून घेतलेलं नाही. चांगल्या शोमरोन्याने दोन दीनार दिले, वर लागेल ते परतताना देईन म्हणाला, पण देणार होता स्वतःच. पौलानेही अनेसिमाचं देणं आपल्या नावावर मांडायला सांगितलं, ते फेडायची तयारी ठेवूनच. माझी कसोटी यातूनच आली: ती रक्कम आपण आजच देऊन टाकली असं समजून शांत झोप लागणार असेल, तरच सही करावी.

तशी झोप लागणार नसेल तर तिथल्या तिथे नाही म्हणावं. “बघतो, प्रार्थना करतो” असं म्हणून माणसाला लटकवून ठेवू नये. त्याला दुसरीकडे जायला वेळ मिळू द्यावा. जमेल तेवढी रक्कम परत न घेण्याच्या बोलीने हातात द्यावी. माझ्याकडे एक जण आला, तेव्हा मी जामीन नाकारला आणि त्याच्या पोराची शाळेची फी भरली. पुढे बरेच रविवार त्याने मला सलाम केला नाही. ते परवडलं. सही केली असती आणि हप्ते थकले असते, तर पैसे भरून झाल्यावर त्याच्यावर दावा लावायचा की करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला सहावा अध्याय आठवून गप्प बसायचं, हा पेच माझ्यापुढे राहिला असता.

कोऱ्या रकान्यावर सही कधीच नको. कर्जदाराची आणखी कर्जं कुठे आहेत ते विचारायला लाजू नका. आणि घरात सांगितल्याशिवाय पेन उचलू नका.

सही आधीच होऊन गेली असेल, तर नीतिसूत्रांचा सहावा अध्याय सांगतो तसं झोप बाजूला ठेवून उठा. उद्याच संस्थेत जा, कराराची प्रत आणि खात्याचा उतारा मागा. हप्ता थकला असेल तर कर्जदारालाही बरोबर न्या. दोन-तीन हप्ते तुंबलेले असताना साहेब ऐकून घेतात. वसुली दाखला निघाल्यावर आमच्यासारख्यांच्या हातात फारसं काही राहत नाही.