अर्धशिशी व मज्जातंतूचें इंजेक्शन

अर्धशिशीचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्यास ती भोगावी लागते, त्याच्या यातनांची कल्पना इतरांस सहसा येत नाहीं. ताप नाहीं, सूज नाहीं, जखम नाहीं. तेव्हां डोकेंदुखी ही अभ्यास चुकविण्याची सबब असावी, असा ग्रह वर्गांत व घरींही होतो. वस्तुतः हा मेंदूचा व मज्जातंतूंचा खरा विकार आहे. डोक्याची बहुधा एक बाजू ठणकते, मळमळतें, उजेड व आवाज सोसवत नाहींत. आणि उपचार न झाल्यास मोठ्या माणसांत ही पीडा ४ तासांपासून ३ दिवसांपर्यंत टिकूं शकते. तिजवरील एका उपायाची माहिती आम्ही येथें देत आहों.

दांत काढण्यापूर्वीं दंतवैद्य हिरडींत औषध टोंचून तेवढाच भाग बधिर करतात, हें पुष्कळांनीं अनुभवलें असेल. या विद्येचा पाया १८८४ सालीं घातला गेला. त्या वर्षीं व्हिएन्ना येथील डॉ. कार्ल कोलर यांनीं कोकेननें डोळा बधिर करून शस्त्रक्रिया करतां येते, हें दाखवून दिलें. परंतु कोकेन विषारी व व्यसन लावणारें. म्हणून अधिक निर्धोक औषधाचा शोध चालू राहिला. १९४३ सालीं स्वीडनमध्यें निल्स लोफग्रेन यांनीं लिडोकेन तयार केलें. तेंच औषध आज अर्धशिशीच्याही कामीं येतें.

मानेच्या वरच्या भागांतून निघणारा एक मज्जातंतु स्नायूंमधून वर येऊन डोक्याच्या मागील कातडीस संवेदना पुरवितो. कवटीच्या मागें मधोमध जो उंचवटा बोटांस लागतो, त्याच्या बाजूस हा तंतु कातडीखालीं असतो. डॉक्टर तेथें बारीक सुईनें लिडोकेन किंवा बुपिव्हाकेन घालतात. कधीं त्यांत स्टेरॉईडही मिसळतात. काम कांहीं मिनिटांचें असतें.

येथें चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "दुखतें कपाळ, मग सुई मागें कां?" कपाळ, डोळा व मेंदूचीं आवरणें यांची वेदना एक तंतु वाहून नेतो, मानेची वेदना दुसरे तंतु, परंतु मेंदूचा देठ व मानेंतील मज्जारज्जु जेथें मिळतात, तेथें हे सर्व एकाच ठाण्यांत येतात. दोन ओढे एका डोहास मिळत असतां एक अडविला, तर डोहांतील खळबळ कमी होते. तसेंच हें आहे.

बधिरपणा कांहीं तासांत उतरतो, पण आराम कित्येकांस दिवसच्या दिवस, क्वचित् आठवडेही लाभतो. याचें संपूर्ण कारण शास्त्रज्ञांस अद्याप उलगडलेलें नाहीं. चालू झटका शमविण्यास हा उपाय करतात. अमेरिकन हेडेक सोसायटीनें २०२५ सालीं रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत येणाऱ्या प्रौढ रोग्यांसाठीं त्याची ठाम शिफारस केली. वारंवार येणारे झटके टाळण्यासाठींही तो कांहीं अंतरानें पुन्हां करतात. मात्र त्या कामीं गुण सर्वांस सारखा येत नाहीं. टोंचल्या जागीं दुखणें, थोडी घेरी येणें, आणि स्टेरॉईड असल्यास तेथील केंस गळणें, हे त्याचे संभाव्य दोष होत. रोग समूळ जात नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

तरीही या उपायाचें मोल मोठें आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यांतून १५ किंवा अधिक दिवस, अशा कित्येक महिने घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेंच डोकें दुखूं लागतें. अशा रोग्यास गोळ्या सोडण्यास हें इंजेक्शन कधीं कधीं आधार देतें. म्हणून वरचेवर डोकें दुखत असेल, तर दुकानांतून गोळी आणण्यापेक्षां डॉक्टरांस दाखवावें. एकाएकीं अति तीव्र वेदना उठली, तापाबरोबर मान ताठली, किंवा हातपाय लुळे पडले, तर ती अर्धशिशी समजून वेळ दवडूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.

आणि एखादा सहाध्यायी डोकें धरून बसला, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं खिडकी लोटून घ्यावी, गलबला थांबवावा व शिक्षकांस कळवावें. इतकें तर आपणां प्रत्येकास करतां येण्यासारखें आहे.