वणवा आणि गांवचें अग्निरक्षक पथक : द्रव्यसाहाय्य कसें मागावें

माघ सरूं लागला कीं यवतमाळ जिल्ह्यांतील सागाचें रान पानगळीनें भरून जातें, आणि त्याच सुमारास आपले धुरे साफ करण्याचे दिवस येतात. उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचावी, तिला काडी लावावी आणि घरीं जेवावयास जावें, ही आपली जुनी रीत. दुपारचा वारा सुटला म्हणजे तीच आग गवतांतून रानांत शिरते. मोहफुलें वेंचण्याकरितां झाडाखालचा पाला जाळणें आणि तेंदूस नवी पालवी यावी म्हणून झुडपें पेटविणें हींहि कारणें आहेतच. तेव्हां सारा दोष वनखात्याच्या माथीं मारून भागणार नाहीं.

आतां विझविणार कोण? बंब नगरपरिषदेचा; तो यावयास वेळ लागतो, आणि आला तरी टेकडीवर चढत नाहीं. वनखातें १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरून जाळरेषा काढतें व हंगामी फायर वॉचर नेमतें. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहानें टिपलेल्या आगीची सूचना मोबाईलवर धाडते. परंतु उपग्रह ठराविक वेळींच माथ्यावरून जातो. पहिल्या अर्ध्या तासांत आगीपाशीं पोहोंचेल असा मनुष्य गांवचाच असतो.

कायदाहि तेंच सांगतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम ७९ प्रमाणें, राखीव वा संरक्षित वनांत ज्यास हक्क आहे, जो तेथें गुरें चारतो किंवा वनोपज आणतो, त्यानें वणव्याची खबर तत्काळ द्यावी व तो विझविण्यास लागावें. कलम २६ अधिक कडक आहे. राखीव वनास धोका होईल अशी आग लावणें वा जळती सोडणें हा तर गुन्हाच. शिवाय बुद्धिपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणानें तेथें वणवा लागल्यास त्या भागांतील चराईचे व वनोपजाचे हक्क कांहीं काळ स्थगित करण्याचा अधिकार राज्यसरकारास आहे. एकाच्या काडीपायीं साऱ्या गांवचीं गुरें अडकूं शकतात.

पैशाची गोष्ट अशी. अमेरिकेंत दहा हजार वा त्याहून कमी वस्तीच्या गांवांतील स्वयंसेवक अग्निशामक दलांना तेथील वनखातें राज्यांमार्फत साहाय्य देतें. निम्मा वांटा मात्र घेणाऱ्यानें उचलावयाचा असतो. आपल्याकडे निधि वळणावळणानें येतो. केंद्राच्या वणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजनेंत (२०१७-१८ पासून) केंद्राचे ६० व राज्याचे ४० असे भाग आहेत. हा पैसा, तसाच कॅम्पाचा निधि, वनखात्याच्या हातीं पडतो. गांवानें तो संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या द्वारें मागावा. ही पद्धति महाराष्ट्रानें १९९२ सालीं स्वीकारली आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गांवीं ग्रामसभेनें मागणी करावी. २००६-०७ सालीं निघालेल्या संत तुकाराम वनग्राम योजनेंत वनरक्षणाबद्दल बक्षिसें ठेविलीं; पण बक्षीस काम झाल्यावर मिळतें, ब्लोअर मात्र वणव्यापूर्वीं लागतो.

येथें वेळेचा मुद्दा महत्त्वाचा. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतें, म्हणजे ऐन वणव्यांत. मार्चमध्यें केलेला अर्ज त्या हंगामास निरुपयोगी. सबब २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंतच ठराव करून तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्यावा, व पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यांतहि तें काम घालावें.

मागावें काय? बंब मागूं नये. त्याचा चालक व दुरुस्ती गांवास झेपत नाहीं. पाला झाडून आगीपुढें मोकळी पट्टी पाडणारे दोन ब्लोअर, दांताळीं, कुऱ्हाडी, बॅटऱ्या, जाड तळव्याचे बूट, सुती कपडे आणि पथकाचा विमा, एवढें पुरे. कृत्रिम धाग्याचा कपडा वितळून कातडीस चिकटतो. एप्रिल २०२१ मध्यें गोंदिया जिल्ह्यांतील नागझिऱ्याच्या वनांत वणवा विझवितांना तीन मजूर प्राणांस मुकले, हें ध्यानांत ठेवून विम्याचें कलम कोणी काटूं लागल्यास मान्य करूं नये. पाठीवरचा फवारणी पंप घरोघरीं आहे. तो निखारे विझविण्यास उत्तम, परंतु आधीं स्वच्छ धुवावा. औषधाच्या वाफेनें काय होतें तें आपल्या जिल्ह्यानें २०१७ सालीं पाहिलें आहे.

ब्लोअरच्या पेट्रोलाचा खर्च अनुदानांत बहुधा बसत नाहीं. तो वर्गणीनें काढावा, आणि किती तास यंत्र चाललें याची वही समितीच्या सचिवानें ठेवावी. पुढील वर्षीं मागणी करतांना तीच वही पुढें ठेवावयाची आहे.