अर्जाची तारीख

विवाह हा संस्कार मानावा की करार, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ वाद झडले आहेत. परंतु ज्या स्त्रीला पतिगृह सोडून माहेरी परतावे लागते, तिच्यापुढचा प्रश्न फार साधा असतो, आणि तो असा की, उद्यापासून तिच्या व तिच्या मुलांच्या निर्वाहाचा भार कोणी वाहायचा. मी त्या अवस्थेतून गेलेली आहे. तेव्हा जे मला कोणी सांगितले नाही, ते आज त्याच उंबरठ्यावर उभ्या असलेल्या भगिनींना कळावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

मी मुलाला घेऊन नागपुरास परतले, तेव्हा महालातल्या आमच्या घरी वडीलधाऱ्यांची बैठक बसली आणि, "घरची गोष्ट कचेरीत न्यायची नसते, पोरी, थोडा दम धर, जावईबापूंचा राग उतरेल," असा निवाडा मामांनी दिला. त्यांच्या हेतूविषयी मला आजही शंका नाही. परंतु राग काही उतरला नाही. मध्यस्थांच्या खेपा होत राहिल्या, मुलाच्या शाळेचा खर्च बाबांच्या निवृत्तिवेतनातून भागत राहिला, आणि या प्रतीक्षेत वर्षे लोटल्यावर अखेरीस मी पोटगीचा अर्ज दाखल केला, तेव्हा वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितले की, गेलेला काळ या अर्जाच्या हिशेबात धरला जाणार नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमान्वये पोटगी हुकुमाच्या तारखेपासून, किंवा न्यायालयाने तसे म्हटल्यास अर्जाच्या तारखेपासून देय होत असे. माझ्या वाट्याला पहिला पर्याय आला, आणि तारखांमागून तारखा पडण्यात जो काळ गेला, तोही माझ्या पदरातून गळाला.

यांपैकी दुसऱ्या हानीचा उपाय पुढे सर्वोच्च न्यायालयाने केला, आणि ज्या प्रकरणात तो झाला, ते आमच्या नागपूरचेच होते, ही गोष्ट येथील वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१३ च्या जानेवारीत तान्ह्या मुलासह पतिगृह सोडलेल्या एका स्त्रीने त्याच वर्षी अंतरिम पोटगी मागितली; येथील कौटुंबिक न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये पत्नीस दरमहा १५,००० रुपये व मुलास आरंभी ५,००० आणि पुढे १०,००० रुपये मंजूर केले; उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये तो हुकूम कायम ठेवला; आणि पती त्याविरुद्ध दिल्लीपर्यंत गेल्यावर ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांच्या पीठाने थकबाकी बारा आठवड्यांत चुकती करण्यास फर्मावले. अंतरिम म्हणजे तात्पुरत्या पोटगीलाच सात वर्षे लागली, हे पाहून न्यायालयाने साऱ्या देशासाठी दोन दंडक घालून दिले : पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि उभय पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे विवरण शपथपत्रावर सादर करावे. १ जुलै २०२४ पासून १२५ व्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे.

अर्ज आणि हुकूम यांमधला काळ असा सुरक्षित झाला; मात्र अर्जापूर्वीचा काळ या कलमाच्या कक्षेबाहेरच राहिला. लोकलज्जेपायी जितके दिवस आपण अर्ज लांबवतो, तितक्या दिवसांचा निर्वाहखर्च आपणच माहेरच्या माणसांवर लादतो.

अर्ज केला म्हणजे समेटाचे दार लागले, ही समजूत निराधार आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने समेटाचा प्रयत्न करणे हे त्या न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले आहे, त्यासाठी तेथे विवाह समुपदेशक असतात, आणि मने जुळलीच तर अर्ज मागे घेता येतो. सासर परगावी असले तरी तिकडे खेपा घालण्याचे कारण नाही. पत्नी जेथे राहते, तेथे हा अर्ज करता येतो. वकिलाच्या शुल्काची चिंता असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते.

परंतु हक्काबरोबर कर्तव्यही येते. पुरेशा कारणावाचून पतीसोबत राहण्यास नकार देणाऱ्या पत्नीला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. म्हणून वेगळे राहण्याचे कारण अर्जात स्पष्ट लिहावे आणि त्याची पत्रे, औषधोपचाराची कागदपत्रे, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जपून ठेवावी. नोकरी असेल तर पगार लपवू नये. केवळ कमावती आहे एवढ्यावरून तिचा हक्क बुडत नाही, पण खोटे शपथपत्र मात्र पत्नीच्या अंगाशी येते तसेच पतीच्याही. हिंदू विवाह अधिनियमाच्या २४ व्या व २५ व्या कलमांनी तर निर्वाहासाठी अर्ज करण्याची मुभा पतीलाही दिली आहे.

स्त्रीधनाविषयीही हेच धोरण ठेवावे. सासरी राहिलेले दागिने पत्नीचेच असतात व पतीकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पण कोणता दागिना कोणी दिला, याची यादी आणि सराफाच्या पावत्या नसतील, तर तो सिद्धान्त सिद्ध कशाने करणार? माझ्या आईने दिलेल्या पाटल्या मला परत मिळाल्या त्या केवळ तिने पावती जपली होती म्हणून. बाकीच्या दागिन्यांवर मला पाणी सोडावे लागले.

हुकूम हाती आल्यावर आणखी एका तारखेवर नजर असावी. पती रक्कम देत नसेल, तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. थकबाकी साचू देऊन पुढे एकदम मागू म्हटले, तर वर्षापूर्वीची रक्कम या मार्गाने हातची जाते. यास्तव दर महिन्याची नोंद ठेवावी, रक्कम बँकेतूनच घ्यावी, आणि दोन-तीन महिने चुकताच वकिलास कळवावे.

माझ्या भाचीवर पुढे असाच प्रसंग आला, तेव्हा पुन्हा बैठक बसली आणि पुन्हा दम धरण्याचा सल्ला निघाला. मी एवढेच म्हटले की, दम अवश्य धरू, बोलणीही करू, पण आधी अर्जावर तारखेचा शिक्का पडू द्या. बोलणी त्यानंतरच सुरू झाली, आणि निरुपायाची सक्ती नसल्यामुळे तिला आपल्या अटी ताठ मानेने मांडता आल्या.