शेरूच्या नजरेतून लांबचा प्रवास

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भाड्याच्या कॅम्परव्हॅनने आंबोलीमार्गे गोवा आणि पुढे कारवारला जाणार आहोत. आमचा चार वर्षांचा कुत्रा शेरू सोबत आहे. त्याला हा प्रवास झेपेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : झेपेल, पण त्याच्या बाजूने विचार करा. कुत्रा जग मुख्यतः नाकाने ओळखतो. नव्या गाडीत त्याच्या ओळखीचा एकही वास नसतो, म्हणून त्याचं रोजचं अंथरूण न धुता न्या. निघण्यापूर्वी गाडी दारात उभी करून त्याला आत बसू द्या, मग रंकाळ्यापर्यंत एखादी फेरी मारा.

आंबोली घाटातल्या वळणांनी त्याच्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र गोंधळतं. लाळ गळणं, सतत ओठ चाटणं ही मळमळीची लक्षणं. निघण्याच्या तीन-चार तास आधी हलकं खाणं द्या, पट्ट्याने सुरक्षित बांधा आणि दर दोन-अडीच तासांनी फिरवा. माणसांच्या गोळ्या मुळीच देऊ नका.

कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांतही धोकादायक तापते. 'पाचच मिनिटं' म्हणूनही त्याला आत एकटं सोडू नका.

तांबडा-पांढरा रस्सा, कांदा-लसूण मसाला त्याच्यापासून दूर ठेवा. कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मटणाची शिजलेली हाडंही नकोत.

रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी, गोचिडांचं औषध यांबाबत महिनाभर आधी पशुवैद्यांना भेटा. लसीकरणाचं कार्ड सोबत असू द्या. शेरूला मुक्काम कुठला हे कळत नाही. त्याला तुमची सोबत हवी असते.