मोहाचा वास आणि आजीचं अंगण

प्रश्न : मी मूळची साकोलीकडची, आता पुण्यात राहते. परवा भावानं वाळवलेली मोहफुलं आणली. डबा उघडताच आजीचं अंगण दिसलं आणि रडूच आलं. असं का व्हावं?

उत्तर : दृश्य, आवाज, स्पर्श हे मेंदूत आधी थॅलॅमसच्या नाक्यावर थांबतात. वास मात्र गंधकंदातून थेट भावना सांभाळणाऱ्या अमिग्डालाकडे जातो, आणि आठवणींचा हिप्पोकॅम्पस तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून वासाचं नाव सुचण्याआधीच डोळे भरतात. वासानं जागी होणारी आठवण बहुधा दहाव्या वर्षाआधीची असते. मार्च-एप्रिलच्या पहाटे गळालेली फुलं तुम्ही आजीबरोबर वेचली असतील, तेव्हाचीच ही.

एक गंमत सांगतो. २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन हा रेणू मोहफुलातही सापडतो आणि सुवासिक तांदळातही. तुमच्या भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ शिजवून पाहा, कदाचित तेच अंगण पुन्हा दिसेल!

डबा मात्र रोज उघडू नका, वास सवयीचा होतो. झाकण घट्ट ठेवा. मोहफूल ओलावा पटकन धरतं, मग बुरशीचाच वास येतो.