दूरचा विमानप्रवास : कारणे आणि काळजी



गोमंतकीय मनुष्य उदरनिर्वाहासाठी देशोदेशी जात आला आहे. प्रवासाची साधने मात्र काळानुसार पालटली. वास्को द गामाने १४९७ च्या जुलै महिन्यात लिस्बन सोडले आणि कालिकतच्या किनाऱ्यास तो १४९८ च्या मे महिन्यात लागला. म्हणजे समुद्रावर त्याचे दहा महिने गेले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोहोचले. आज मुंबईहून लंडनला न थांबता जाण्यास सुमारे नऊ-दहा तास पुरतात. आपल्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीत, १९५५ साली, दाबोळीचा विमानतळ सुरू झाला. आणि ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथूनही प्रवाशांची विमाने उडू लागली.

डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील कितीतरी घरांची मुले आज आखाती देशांत, इंग्लंडात वा पोर्तुगालात नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्याकडे नातवंडे पाहावयास जाणारे प्रवासी म्हणजे बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. त्यांतील कित्येकांनी त्यापूर्वी विमानात पाऊलही टाकलेले नसते. कोणाला मधुमेह असतो, कोणाला रक्तदाब; इंग्रजी बोलण्याची सवय नसते. घरात सामान बांधण्याची धांदल पंधरा दिवस चालते. परंतु दहा तास एका जागी बसताना त्यांच्या शरीराचे काय होणार, याचा विचार क्वचितच होतो. तो करण्यास लागणारे शास्त्र तुमच्या शालेय पुस्तकांतच आहे. उंचावरील विमानात चार गोष्टी बदलतात : हवेचा दाब, हवेतील ओलावा, शरीराची हालचाल आणि दिवसरात्रीचे मान. या चारही गोष्टी क्रमाने पाहू.

१. हवेचा दाब

लांब पल्ल्याचे विमान साधारणतः दहा ते अकरा किलोमीटर उंचीवरून जाते. तेथे बाहेरचे तापमान शून्याखाली पन्नास अंशांहूनही अधिक उतरलेले असते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या चौथ्या हिश्श्याएवढाच उरतो. अशा हवेत मनुष्य जगू शकत नाही. म्हणून विमानात दाब वाढवून ठेवतात. तरी तो पूर्णपणे जमिनीवरच्याइतका नसतो. सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर जेवढा दाब असावा, तेवढा तो असतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे कल्पना येईल : खुर्चीत स्वस्थ बसलेली आपली आजी प्रत्यक्षात कळसूबाईहूनही उंच जागी श्वास घेत असते. निरोगी माणसाला याचा त्रास होत नाही. परंतु ज्यांना हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार आहे, ज्यांच्या अंगात रक्त फार कमी आहे, किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच वैद्यांचा सल्ला घ्यावा.

दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो, हा बॉइलचा नियम तुम्ही शिकला आहात. विमानातील दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश होतो. त्यामुळे पोटातील वायू सुमारे एक-तृतीयांशाने फुगतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवसापासून चणे, वाटाण्याचे तोणाक, कोबी, सोडा यांपासून दूर राहावे. भात-पेज, मऊ भाजी असा हलका आहार चांगला.

साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाटाने बेळगावला जाताना कान दडपतात, हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना आहे. कानाच्या पडद्याआडची पोकळी एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. बाहेरचा दाब बदलला की ती नळी उघडून आतला दाब त्याच्या बरोबरीस यावा लागतो. गिळताना आणि जांभई देताना ती उघडते. विमान खाली उतरू लागते तेव्हा हा त्रास अधिक होतो. त्या वेळी झोपून न राहता गोळी चघळावी, घोट घोट पाणी प्यावे, किंवा नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हलकेच श्वास बाहेर ढकलावा. तान्ह्या बाळाला त्या वेळी दूध पाजावे. जोराचे पडसे असेल तर ही नळी सुजून बंद राहते आणि कान फार ठणकतो. अशा वेळी शक्य असल्यास प्रवास पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

२. हवेतील ओलावा

बाहेरची अतिथंड हवा बाष्प जवळजवळ धरूच शकत नाही. तीच हवा दाबून, योग्य तापमानाला आणून विमानात सोडतात. म्हणून आतील आर्द्रता पुष्कळदा वीस टक्क्यांच्याही खाली असते. सुर्ल्याच्या पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात. तेथून निघालेला मनुष्य काही तासांत वाळवंटाहून कोरड्या हवेत जाऊन बसतो. डोळे चुरचुरतात, ओठ फुटतात, घसा सुकतो. जेवणही बेचव लागते, कारण कोरड्या हवेत आणि कमी दाबात चव व वास यांची जाण मंदावते; स्वयंपाक्याचा दोष त्यात थोडाच.

उपाय साधा आहे : थोडे थोडे पाणी वारंवार पिणे. मद्य टाळावे, चहा-कॉफी बेताने घ्यावी. रिकामी बाटली तपासणीतून नेता येते. ती पुढे विमानतळावर भरून घ्यावी. ओठांना लावण्यास थोडे मलम जवळ असावे. अंगावर सैल सुती वस्त्रे असावीत. परंतु विमानात थंडी वाजते, म्हणून शाल आणि पायमोजे हाताशी ठेवावेत.

३. एका जागी बसणे

पायांतील रक्त वर हृदयाकडे चढविण्याचे काम बऱ्याच अंशी पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आकुंचन पावून शिरांतील रक्त वर ढकलतात. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसले की हा पंप बंद पडतो. पाय सुजतात, आणि क्वचित खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते.

हा दोष विमानाचाच आहे असे नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, लंडनवर बाँबवर्षाव होत असता लोक आश्रयस्थानांत घडीच्या खुर्च्यांवर बसून रात्री काढीत. त्यांतील काहींचे अशा गुठळ्यांमुळे आकस्मिक मृत्यू झाल्याचे कीथ सिम्प्सन या वैद्याने दाखवून दिले. खुर्चीची कड मांडीखाली रुतणे आणि हालचाल नसणे, ही कारणे तेथेही होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक काळ न हलता बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. मग ते विमान असो, आगगाडी असो वा बस. तरीही सुमारे सहा हजार प्रवाशांत एखाद्यालाच तो बाधतो. म्हणून भिण्याचे कारण नाही. दुर्लक्ष मात्र करू नये.

दर अर्ध्या-पाऊण तासाने बसल्या जागीच टाचा जमिनीवर टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात; घोटे गोल फिरवावेत. असे वीस-पंचवीस वेळा करावे. दीड-दोन तासांनी उठून वाटेत फेरी मारावी. यासाठी खिडकीजवळच्या जागेपेक्षा वाटेकडेची जागा वृद्धांना सोयीची. पूर्वी गुठळीचा विकार झालेल्यांनी, नुकतेच मोठे आजारपण काढलेल्यांनी घट्ट मोजे किंवा औषध यांबद्दल वैद्यांना विचारावे; स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. प्रवासानंतर काही दिवसांत, किंवा काही आठवड्यांतही, एकच पाय सुजून दुखू लागला, दम लागला वा छातीत कळ आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे आणि आपण लांबचा प्रवास केल्याचे तेथे आवर्जून सांगावे.

४. शरीरातील घड्याळ

समजा, हिवाळ्यात दुपारी दोन वाजता विमान मुंबईहून उडाले आणि दहा तासांनी लंडनला उतरले. आपल्या घड्याळात मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतील. तेथील घड्याळात मात्र सायंकाळचे साडेसहाच. मनगटावरचे घड्याळ क्षणात मागे करता येते, शरीरातील घड्याळ तसे फिरत नाही. आपल्या पेशींत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यतः सूर्यप्रकाशाने जुळविले जाते आणि ते दिवसाला साधारण तासभरच सरकते. म्हणून इंग्लंडास गेलेल्याला रुळण्यास चार-पाच दिवस लागतात. परत पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो, तो पालट शरीराला अधिक जड जातो. दुबईशी आपला फरक दीडच तासांचा. तेथे जाणाऱ्यास याचा फारसा जाच होत नाही.

तेथे पोहोचल्यावर जेवण व झोप तेथील वेळेप्रमाणे घ्यावी, दिवसा उजेडात फिरावे, दुपारची झोप अर्ध्या तासाहून वाढवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी लांबलेल्या वा आखडलेल्या दिवसात मात्रा कशी घ्यावी, हे आधीच वैद्यांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन व नित्याची औषधे चिठ्ठीसह हातातील पिशवीतच असावीत. सामानाच्या कोठारात ती गोठण्याची वा हरवण्याची भीती असते.

५. सामानाविषयी दोन शब्द

आपल्या घरून परदेशी जाताना प्रेमापोटी जे जे बांधून दिले जाते, ते सर्वच नेता येते असे नाही. आपल्या वाटणातील निरुपद्रवी खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. ती जवळ सापडल्यास तुरुंगवासाचा प्रसंग येऊ शकतो. काही वेदनाशामक व खोकल्याच्या औषधांवरही तेथे कडक निर्बंध आहेत. तेलकट सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते. इंग्लंडात मांसाचे व दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आगळ, लोणचे यांसारखे पातळ पदार्थ हातातील पिशवीत शंभर मिलिलिटरांहून मोठ्या बाटलीत चालत नाहीत. कोठारातील सामानात ठेवताना बाटली पक्की बंद करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी, कारण बॉइलचा नियम तेथेही लागू असतो. आजोबांचा अडकित्ता कोठारातील सामानात. मोबाइलची फिरती बॅटरी मात्र हातातील पिशवीतच.

६. खरा शत्रू : संकोच

एवढे सर्व ठाऊक असूनही एक गोष्ट आड येते. आपल्या घरातील वडीलधारी माणसे, विशेषतः स्त्रिया, विमानात पाणीच पीत नाहीत. शौचालयात जावे लागेल, शेजारच्या परक्या माणसाला उठवावे लागेल, दार उघडता येणार नाही, हवाई सेविकेशी काय बोलावे हे सुचणार नाही. या विचाराने त्या घशाला कोरड पडली तरी गप्प बसतात. पाणी नाही म्हणून उठणे नाही, उठणे नाही म्हणून पाय हलत नाहीत. वर सांगितलेले दोन त्रास अशा रीतीने एकाच संकोचातून जन्म घेतात.

हा संकोच दूर करणे हे विद्यार्थ्यांनो, तुमचे काम आहे. कारण घरात इंग्रजी वाचणारे पुष्कळदा तुम्हीच असता. निघण्यापूर्वी आठ दिवस रोज थोडा वेळ आजीजवळ बसा. पट्ट्याचे झाकण उचलले की तो सुटतो, हे तिला दाखवा. शौचालयाचे दार बहुधा मधोमध ढकलले की आत दुमडते; कडी लावली की दिवा उजळतो; पाणी सोडल्यावर मोठा आवाज होतो, त्याला भिऊ नये, हे सांगा. "वॉटर प्लीज" हे दोन शब्द पाठ करवून घ्या. चाकांची खुर्ची, मधुमेह्यांचे वा शाकाहारी जेवण आणि वाटेकडेची जागा यांची मागणी तिकीट काढतानाच नोंदवून ठेवा. चाकांची खुर्ची मागण्यात कमीपणा नाही. तिच्याबरोबरचा माणूस अनोळखी विमानतळावर वाटाड्याही होतो.

शेवटी एका जाड कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून द्या : प्रवाशाचे नाव, येणाऱ्या भाषा, विकार व औषधे, विमान कोठे बदलावयाचे, उतरल्यावर नेण्यास कोण येणार आणि त्याचा फोन. खाली मराठीत वेळापत्रक लिहा : केव्हा पाणी, केव्हा पायांचा व्यायाम, केव्हा गोळी. वर्गात शिकलेला दाबाचा नियम आणि रक्ताभिसरणाचा धडा अशा कागदावर उतरला, तर आपल्या माणसाचा प्रवास सुखाचा होईल. आणि परीक्षेतील गुणांहून त्या विद्येचे मोल कमी ठरणार नाही.